उत्तर बरोबर, नळ कोरडा

मंडळी, या वीकांताचा विषय आहे समीकरणं. थांबा, लगेच पान बंद करू नका. गाडी शेवटी नळाच्या पाण्यावरच येणार आहे, आणि नळाला पाणी का येत नाही यात रस नसलेला माणूस मला मराठवाड्यात अजून भेटायचाय. पुण्यातही हल्ली फारसा भेटत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते वाद घालायला मोकळे. गावाच्या पाणीपुरवठ्याचं गणित सॉफ्टवेअर अगदी चोख सोडवतं. पण त्याला आपण जे गणित घालतो ते बहुतेक वेळा आपल्या गावाचं नसतंच. ते असतं पाइप चोवीस तास भरलेले असलेल्या एका कल्पनेतल्या गावाचं. आणि या दोन गावांमधल्या फरकाची किंमत पाइपच्या शेवटच्या टोकाला राहणारी माणसं, त्यातही बायका, घागरी मोजून भरतात.

आता सुरुवातीपासून.

शाळेत एकसामयिक समीकरणं सगळ्यांनीच केली असतील. दोन अज्ञात संख्या, दोन समीकरणं, एक काढून दुसऱ्यात घाला, संपलं. आमच्या लातूर पॅटर्नवाल्यांनी तर ती झोपेतसुद्धा सोडवली असतील :) ती सोपी होती कारण ती रेषीय होती. आलेखावर सरळ रेषा, दोन रेषा एका बिंदूत छेदतात, तो बिंदू म्हणजे उत्तर. पाइपातलं पाणी मात्र सरळ रेषेत वागत नाही. पाइपातून दुप्पट पाणी न्यायचं म्हटलं तर घर्षणात वाया जाणारा दाब दुप्पट होत नाही, जवळजवळ चौपट होतो. (इंजिनियर लोक वापरतात त्या हेझन-विल्यम्स सूत्रात घातांक १.८५२ आहे. मी इथे सोयीसाठी सरळ वर्ग धरतो.) म्हणजे समीकरणात वर्ग आला आणि 'एक काढून दुसऱ्यात घाला' ही युक्ती गेली. गावात असे शेकडो पाइप, शेकडो चौक. प्रत्येक चौकात आलेलं पाणी बरोबर गेलेलं पाणी, आणि प्रत्येक वेटोळ्यात एका वाटेने घटलेला दाब बरोबर दुसऱ्या वाटेने घटलेला दाब. सगळी समीकरणं एकमेकांत गुंतलेली. एका गल्लीतला आकडा बदलला की सगळ्या गावातले आकडे हलतात.

मग हे सोडवतात कसं? अंदाज करून, आणि मग तो अंदाज सुधारून. हसू नका, जगातली बरीच मोठी गणितं अशीच सुटतात. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात हार्डी क्रॉस नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९३६ साली पाइपांच्या जाळ्यासाठी कागद-पेन्सिलीने करता येईल अशी रीत दिली. ती किती साधी आहे ते बघा.

टाकीतून एका चौकात सेकंदाला १० लिटर पाणी न्यायचंय आणि मध्ये दोन समांतर पाइप आहेत. पहिला मोठा: त्यात घटणारा दाब म्हणजे ०.१ गुणिले प्रवाहाचा वर्ग. दुसरा बारीक: ०.४ गुणिले प्रवाहाचा वर्ग. कुठल्या पाइपातून किती जाईल? काहीच माहीत नाही म्हणून निम्मं निम्मं धरू, ५ आणि ५. दाब घटला पहिल्यात २.५ मीटर, दुसऱ्यात १० मीटर. दोन्ही पाइपांची सुरुवात एक, शेवट एक, त्यामुळे घट सारखीच हवी. नाहीये, म्हणजे अंदाज चुकला. फरक ७.५. आता सुधारणा किती करायची? फरकाला भागायचं (०.१ × ५ + ०.४ × ५) च्या दुपटीने, म्हणजे ५ ने. उत्तर १.५. तेवढं पाणी बारीक पाइपातून काढून मोठ्यात घाला: ६.५ आणि ३.५. आता घट ४.२२५ आणि ४.९. बरंच जवळ आलो. पुन्हा एकदा तेच केलं की ६.६६५ आणि ३.३३५. घट ४.४४ आणि ४.४५. दोन फेऱ्यांत फरक एक सेंटिमीटरच्या आत! खरं उत्तर ६.६७ आणि ३.३३ आहे.

सॉफ्टवेअरही हेच करतं, फक्त सगळ्या गावाचं एकदम आणि क्षणार्धात. यातलं सगळ्यात प्रसिद्ध सॉफ्टवेअर म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं ईपानेट. पहिली आवृत्ती १९९३ साली आली, तेव्हापासून ते फुकट आहे. आतमध्ये न्यूटनच्या पद्धतीचंच एक रूप आहे. अंदाज, चूक, सुधारणा, पुन्हा अंदाज. बदल ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी झाला की थांबायचं. याला आमच्या भाषेत म्हणतात 'कन्व्हर्ज झालं'.

इथे एक गोष्ट सॉफ्टवेअरच्या बाजूने सांगायलाच हवी. सरसकट सगळ्या अरेषीय समीकरणांना एकच उत्तर असतं असं नाही. कधी दोन असतात, कधी एकही नसतं, कधी पहिला अंदाज वाईट निघाला की गणित भरकटतं. पण टाकी आणि पाइप एवढंच असलेल्या साध्या जाळ्याचं नशीब चांगलं आहे. प्रत्येक चौकात किती पाणी लागणार हे एकदा ठरवून दिलं की उत्तर एक आणि एकच असतं. सुरुवातीचा अंदाज काहीही घ्या, पोचाल तिथेच. म्हणजे ईपानेटने दिलेलं उत्तर हे त्या समीकरणांचं खरोखरचं उत्तर असतं. तेव्हा नळ कोरडा असेल तर दोष सोडवण्यात शोधून उपयोग नाही. दोष समीकरणं मांडण्यात असतो.

वरच्या परिच्छेदातलं एक वाक्य परत वाचा. 'प्रत्येक चौकात किती पाणी लागणार हे एकदा ठरवून दिलं की'. सगळी मेख तिथे आहे.

उदाहरण घेऊ. माझ्या डोळ्यांसमोर गाव म्हटलं की शिरूर अनंतपाळच येतं. लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आमचं आजोळ. तेव्हा मनात चित्र त्याच गावाचं ठेवतो, पण आकडे तिथल्या योजनेचे नाहीत. हिशेब सोपा व्हावा म्हणून मी ठरवलेत. तुम्ही तुमचं औसा, उदगीर, निलंगा, देगलूर काहीही धरा.

एक उंच टाकी. टाकीजवळ खालची गल्ली, टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा १२ मीटर खाली. तिथून पुढे पाइप जातो वरच्या गल्लीला, जी खालच्या गल्लीपेक्षा ३ मीटर चढावर. दोन्ही गल्ल्यांना सेकंदाला ५-५ लिटर पाणी हवंय. पहिल्या पाइपात दाबाची घट ०.१५ गुणिले प्रवाहाचा वर्ग, दुसऱ्यात ०.३ गुणिले वर्ग. नळाला नीट पाणी यायला ७ मीटर दाब लागतो असं धरू. (हा आकडा हवेतला नाही. केंद्र सरकारच्या १९९९ च्या पाणीपुरवठा मॅन्युअलमध्ये एकमजली घरांसाठी किमान ७ मीटर, दुमजलीसाठी १२ आणि तीनमजलीसाठी १७ मीटर दाब सांगितला होता.)

आता पारंपरिक पद्धतीने सोडवा. पहिल्या पाइपातून १० लिटर जाणार, घट १५ मीटर. १२ वजा १५, म्हणजे खालच्या गल्लीत दाब उणे ३ मीटर. पुढे ३ मीटर चढ आणि ७.५ मीटर घट, म्हणजे वरच्या गल्लीत उणे १३.५ मीटर. समीकरणं सुटली. सगळं काटेकोर जुळलं. कन्व्हर्ज झालं!

फक्त याचा अर्थ असा झाला की नळात उलटं ओढणारा दाब आहे आणि तरीही त्या नळातून सेकंदाला ५ लिटर पाणी पडतंय. असा नळ तुम्ही पाहिलाय? मी नाही पाहिला. ईपानेट बिचारं खाली एक इशारा देतं, की निगेटिव्ह प्रेशर आलंय. याहून जास्त ते काय करणार? पाच लिटर लागणारच असं तुम्हीच त्याला सांगितलं होतं.

माझा एक वर्गमित्र पूर्वी अशा योजनांचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीत होता. त्याला मी विचारलं, हा इशारा आला की तुम्ही काय करता रे? तो म्हणाला, "काय करणार? कंपनीत सगळे जे करतात तेच. पाइप कागदावर जरा गुळगुळीत करायचे, नाहीतर पीक फॅक्टर थोडा खाली आणायचा. दोन-चार वेळा रन केलं की वॉर्निंग जाते. वॉर्निंग नसलेला रिपोर्ट पास होतो." मी म्हटलं, आणि नळ? तो हसला. "नळाचा रिपोर्ट कोण मागतो?"

सगळीकडे असंच चालतं असं मी म्हणत नाही. चांगलं काम करणारे इंजिनियर मी पाहिलेत. पण आपल्यापैकी ज्यांनी डेडलाइनच्या आदल्या रात्री टेस्ट 'हिरवी' करण्यासाठी टेस्टच बदलणारे सहकारी पाहिलेत, त्यांना हा प्रकार नवीन वाटू नये.

आता गंमत ऐका. 'पाणी किती घेतलं जाईल हे दाबावर अवलंबून असतं, तेव्हा ते आधीच ठरवून देऊ नका, तेही अज्ञातच धरा' ही गोष्ट ज्या लोकांनी जगात सुरुवातीला नीट मांडली, त्यांच्यात एक नाव नागपूरचं आहे. प्रा. प्रमोद भावे. तिथल्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात ते शिकवत. (तेच कॉलेज २००२ पासून व्हीएनआयटी झालं.) १९८१ साली अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनियर्सच्या संस्थेच्या नियतकालिकात त्यांचा 'नोड फ्लो अ‍ॅनालिसिस'वरचा लेख आला. दाब कमी पडला तर चौकाला खरोखर किती पाणी मिळेल, हे त्यात काढायचं होतं. पुढे त्यांनी आणि प्रा. राजेश गुप्ता यांनी याच विषयावर बरंच काम केलं, पुस्तकही लिहिलं. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दाब आणि प्रवाह यांचं एक सुटसुटीत सूत्र दिलं: दाब गरजेपेक्षा कमी असेल तर मिळणारं पाणी त्या दोन दाबांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात.

आणि ईपानेटच्या अधिकृत आवृत्तीत ही सोय कधी आली? २०२० साली, आवृत्ती २.२ मध्ये. नागपूरच्या त्या लेखानंतर तब्बल ३९ वर्षांनी. आजही सॉफ्टवेअर उघडलं की आधी निवडलेला असतो तो जुनाच पर्याय. नवा हवा असेल तर सेटिंगमध्ये जाऊन आपण निवडायचा.

यात मला कुणाचं कारस्थान दिसत नाही. ज्या देशात हे सॉफ्टवेअर झालं तिथे पाइप चोवीस तास भरलेले असतात, दाब भरपूर असतो, आणि 'लागेल तेवढं मिळतं' हे गृहीतक तिथे एरवी खरंच असतं. गृहीतक त्यांचं, त्यांच्या गावाला लागू. आपण ते सॉफ्टवेअरबरोबर फुकटात आणलं आणि आपल्या गावाला चिकटवलं. पण कमी दाबाचा प्रश्न नागपुरात बसलेल्या माणसाला इतक्या लवकर पडला यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

बरं, आता आपली दोन गल्ल्यांची गोष्ट नव्या सूत्राने सोडवू. मी अंदाज-सुधारणा करत कागदावर सोडवली, तुम्हीही वीस मिनिटांत सोडवाल. उत्तर येतं: खालच्या गल्लीत दाब साधारण ५.५ मीटर, पाणी सेकंदाला ४.४५ लिटर. वरच्या गल्लीत दाब जेमतेम सव्वा मीटर, पाणी २.१ लिटर. म्हणजे खालच्यांना हवं होतं त्याच्या ८९ टक्के, वरच्यांना ४२ टक्के. उणे-बिणे काही नाही. आपण रोज बघतो तेच चित्र.

सव्वा मीटर दाब म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. नळाजवळ खड्डा खणून तोटी जमिनीच्या खाली नेलेली घरं मराठवाड्यात किती आहेत बघा. तीन फुटांचा खड्डा म्हणजे जवळजवळ एक मीटर जास्तीचा दाब, सव्वाचा सव्वादोन. वाकून वाकून त्या खड्ड्यातून घागर काढणारी मावशी हायड्रॉलिक्स करत असते, फक्त तिला त्याचा पगार मिळत नाही. उलट पाठ धरते.

पण खड्डा सगळ्यांनीच खणला तर? आणि टिल्लू मोटर लावली तर? चला, मोटर लावू. खालच्या गल्लीतल्या लोकांनी मोटारी लावल्या आणि आता ते सेकंदाला ६.५ लिटर खेचतात. पुन्हा सोडवा. चौकातला दाब ५.५ वरून साडेतीनच्या आसपास येतो आणि वरच्या गल्लीचं पाणी २.१ वरून १ लिटरवर. निम्म्याहून कमी! वरच्या गल्लीतल्या कुणी काहीही केलेलं नाही. त्यांच्या पाइपात काही बिघडलेलं नाही. तरीही त्यांचं उत्तर बदललं, कारण समीकरणं एकसामयिक आहेत. ज्याने मोटर लावली त्याने त्याच्यापुरतं समीकरण सोडवलं आणि ते दुसऱ्याच्या समीकरणात जाऊन बसलं.

मग वरची गल्लीही मोटर घेते. मग खालची अर्ध्या हॉर्सपॉवरची एक करते. मग नगरपंचायत-नगरपालिकांच्या मोटारजप्तीच्या मोहिमांची बातमी येते, चार दिवस मोटारी माळ्यावर जातात, पाचव्या दिवशी परत खाली. मोटर लावणाऱ्याला चोर म्हणणं सोपं आहे. पण ज्या व्यवस्थेत मोटर न लावणाऱ्याला एक लिटर मिळतं, ती व्यवस्था मोटर लावायला शिकवतेच. जप्ती हा समीकरणाचा इलाज नव्हे.

यावर नेहमीचा आक्षेप मला माहीत आहे. अहो, मुळात पाणीच नाही, दाबाचं काय घेऊन बसलात? एप्रिल २०१६ विसरलात का? कसा विसरेन? मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिल २०१६ ला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. धरणात पाणी नसेल तर न्यूटनही काही करू शकत नाही, हे कबूल.

पण 'पाणी किती' आणि 'पाण्याची वाटणी कशी' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याच्या आड दुसरा लपवायची आपल्याला सवय लागलीय. वरच्याच उदाहरणात टाकीत १ लाख लिटर पाणी आहे असं धरा. (टाकीची पातळी खाली जाते ते हिशेबात धरत नाही.) दोन्ही गल्ल्यांना एकदम पाणी सोडलं तर खालच्या गल्लीला ६८ हजार लिटर जातं, वरच्या गल्लीला ३२ हजार. मोटारी लावल्यावर ८७ हजार आणि १३ हजार. टाकी तीच, पाणी तेवढंच. दुष्काळात तर हा फरक जास्तच बोचतो, कारण १३ हजारांतल्या माणसाकडे टँकर विकत घ्यायचे पैसे असतीलच असं नाही.

आणि आता याच गणिताचा चांगला उपयोग बघा. चौकात खालच्या गल्लीसाठी आणि वरच्या गल्लीसाठी वेगळा व्हॉल्व्ह बसवला आणि पाणी वेगवेगळ्या वेळी सोडलं तर? फक्त खालची गल्ली चालू असेल तेव्हा तिथे ८ मीटरच्या वर दाब राहतो आणि पुरे ५ लिटर मिळतात. मोटर लागतच नाही. फक्त वरची गल्ली चालू असेल तेव्हा तिला साडेतीन लिटर मिळतात, २.१ नव्हे. दोघांना ५०-५० हजार लिटर द्यायचे तर खालच्या गल्लीला पावणेतीन तास, वरच्या गल्लीला चार तास. झाली समसमान वाटणी. नवीन धरण नाही, नवीन टाकी नाही. एक-दोन व्हॉल्व्ह आणि एक वेळापत्रक. तोटा काय? टाकी सव्वाचार तासांत रिकामी व्हायची ती आता पावणेसात तासांत होईल, आणि तेवढा वेळ व्हॉल्व्हमनला कामावर ठेवून त्याला पूर्ण पगार द्यावा लागेल. खालच्या गल्लीचे १८ हजार लिटर जातील हेही खरं, आणि त्या गल्लीत कदाचित नगरसेवक राहत असेल. म्हणजे उरलेला प्रश्न गणिताचा नाही. पण गणित मांडलं म्हणून तो कुणाचा आहे हे तरी दिसलं.

गावोगावचे जुने व्हॉल्व्हमन हे वेळापत्रक अनुभवाने करतच असतात. वरच्या भागाला जास्त वेळ द्यायचा हे त्यांना कळतं. पण ते एका माणसाच्या डोक्यात असतं. तो निवृत्त झाला की गेलं, आणि कुणी दमदाटी केली की बदललं. कागदावर लिहिलेलं आणि भिंतीवर लावलेलं वेळापत्रक बदलायला निदान कारण सांगावं लागतं.

चोवीस तास पाणी हा खरा उपाय आहे असं अनेक जाणकार सांगतात. पाइप कायम भरलेले असले की सगळे एकदम तोट्या उघडत नाहीत, घरात साठा करावा लागत नाही, आणि मग त्या अमेरिकन सॉफ्टवेअरचं गृहीतकही खरं ठरू लागतं. आपल्याकडे कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून हे करून दाखवलंय. २०२४ मध्ये केंद्राचं नवं मॅन्युअल आलं, त्याचाही रोख तिकडेच आहे. चांगलंच आहे. पण मलकापूर कोयनेकाठचं, आणि मराठवाड्यातल्या गावांना तिथवर पोचायला वेळ लागणार. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचं उद्दिष्ट आहे. नळ जोडला की ते उद्दिष्ट पूर्ण झालं असं धरणं म्हणजे परत तीच चूक: लागणारं पाणी मिळणारच असं आधी लिहून टाकायचं आणि मग सोडवायला बसायचं.

तर माझ्या मागण्या तीन, आणि तिन्ही स्वस्त आहेत.

एक, ज्या गावात पाणी काही तासच येतं, तिथला आराखडा दाबावर आधारित पद्धतीनेच तपासावा. सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे, एक पर्याय बदलायचाय. रिपोर्टच्या पहिल्या पानावर सरासरी नको. सगळ्यात वाईट नळाला किती मिळेल तो आकडा हवा.

दोन, योजना सुरू झाल्यावर टोकाच्या चार-पाच नळांवर प्रेशर गेज लावून दाब मोजावा आणि मॉडेलच्या आकड्याशी ताडून बघावा. साधा गेज काहीशे रुपयांत मिळतो. मोजलेला आणि काढलेला आकडा जुळला नाही तर मॉडेल दुरुस्त करायचं, मोजमाप नव्हे. कुठे गळती आहे, कुठे व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे, कुठे नकाशातला पाइप जमिनीत नाहीच, हे सगळं त्या फरकातून कळतं.

तीन, मॉडेलची फाइल लोकांना मिळावी. ती साधी मजकुराची फाइल असते, पाइपांची लांबी, व्यास, चौकांची उंची. त्यात गुपित असं काही नाही. गावातली इंजिनियरिंगला गेलेली दोन पोरं सुट्टीत ती उघडून बघतील आणि ग्रामसभेत किंवा वॉर्डात नेमका प्रश्न विचारतील. 'पाणी द्या' या ओरडण्यापेक्षा 'अमुक चौकात ७ मीटर लिहिलंय, आम्ही मोजलं तर १ आलं, का?' या प्रश्नाला उत्तर देणं जास्त अवघड असतं.

आणि हे फक्त गावाकडच्यांचं आहे असं समजू नका. बाणेर-वाकडच्या सोसायट्यांत टँकरचे पैसे भरणारे आपण सगळे कुठल्यातरी पाइपच्या टोकालाच राहतो. आपल्या बूस्टर पंपाच्या पलीकडे कुणाचं तरी घर आहे, आणि आपलं उत्तर त्याच्या समीकरणात जातंच.

आपल्या धंद्यात 'कन्व्हर्ज झालं', 'टेस्ट पास झाली', 'बिल्ड हिरवा आला' ही वाक्यं आपण दिवसातून दहादा बोलतो. ती खरी असतात. पण त्यांचा अर्थ एवढाच की यंत्राने त्याला दिलेलं काम पूर्ण केलं. ते काम बरोबर दिलं होतं का, हे यंत्राला विचारायचं नसतं. ते वरच्या गल्लीत जाऊन, तोटी उघडून, घागर भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचं असतं.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा एक करून बघा. पंधरा लिटरची कळशी टाकीजवळच्या नळाखाली धरा आणि शेवटच्या नळाखाली धरा. दोन्ही वेळा लिहून ठेवा. किती आले ते मलाही कळवा, आपण मिळून सोडवू.